बिबट्याचा दुसरा डोळा

मामा कुठलीही वस्तू आधी अंगठ्यानं दाबून बघायचे. पेरू, भाकरी, गादी, नवी वहाण, देवळाच्या पायरीवर झोपलेला माणूस. अंगठा रोवायचा, डोळे बारीक करायचे, दाबलेली जागा परत वर येते का ते बघायचं आणि निकाल द्यायचा : "मेलं न्हाय. गप बसलंय."

मी कोल्हापूरच्या त्या गल्लीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. मी छापखान्यात खिळे जुळवायचं काम करायचो आणि मामांच्या शेजारी एका खोलीत भाड्यानं राहायचो. एकदा तापानं फणफणून पडलो. बाहेर बायका जमल्या. मामा आत आले, माझ्या दंडात अंगठा रोवला, बराच वेळ बघत राहिले आणि दारात जाऊन सांगितलं, "मेलं न्हाय. गप बसलंय." माझा ताप औषधानं गेला असं डॉक्टर म्हणतात. मला विचाराल तर तो त्या अंगठ्याला भिऊन गेला. ताप काय, अंगातला अशक्तपणासुद्धा पळाला.

अंगठ्याची ही सवय धंद्यातून आलेली. मामा मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचे. संस्थान होतं तेव्हा शिकारीचा कोण थाट होता म्हणून सांगू! सरदार, इनामदार आणि त्यांचे पाहुणे यांनी शाहूवाडीच्या रानात जे काही पाडलं, ते सोलून मामांच्या दारात यायचं. मामा कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे उंदीर मारायच्या विषाचा, लेप द्यायचे, लाकूड आणि तारेचा सांगाडा करायचे, पेंढा भरायचे, काचेचे डोळे बसवायचे. जनावर असं उभं राहायचं की आता शिंकेल. त्यांनी भरलेलं एक रानडुक्कर उन्हात वाळायला ठेवलं होतं, ते बघून गल्लीतलं एक कुत्रं जे सुटलं ते गडमुडशिंगीला जाऊन थांबलं. तिथंच त्यानं संसार थाटला. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचा माझा स्वभावच नाही. लोकांना खरं पचत नाही, त्याला मी काय करू?

तोंडावर त्यांना सगळे मामा म्हणायचे आणि पाठीमागं पेंढामामा.

त्यांच्या धंद्यात एक नियम होता. जनावराचा एक डोळा कामाच्या वेळी बसवायचा आणि दुसरा मालक न्यायला येईल तेव्हा त्याच्या समोर बसवायचा. "दोनी डोळं लागलं की जनावर पयल्यांदा बघतंय," मामा मला समजावून सांगायचे, "आन् पयलं ज्येला बघतंय, त्येच्या मागं लागतंय. गोळी मालकानं घातली. त्येनंच त्येच्या म्होरं हुबं ऱ्हावं. आपून कशापायी?"

"आणि चुकून आधी बसवला तर?"

"आमच्या वस्तादानं बसवलता," मामा म्हणाले आणि विडी पेटवली. वस्तादांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. ती विडी त्यांनी नेहमीपेक्षा फार जोरात ओढली होती.

संस्थान विलीन झालं आणि मामांचं काम एका दिवसात थांबलं. शेवटचा आला होता एक बिबट्या. ज्यांचा तो होता त्यांचा मोठा वाडाच विकला गेला. बिबट्या न्यायला कोणी आलं नाही. तो मामांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी उभा राहिला, अंगणाकडे तोंड करून, एकाक्ष. दुसरा डोळा, आवळ्याएवढा, पिवळा, मधोमध काळी बाहुली असलेला, फडताळात कापसात गुंडाळलेला असायचा.

आता झाडाकडे येतो. हे सगळं त्या झाडाचंच आहे.

इंग्रज गेले त्या सुमारास पन्हाळ्यावरच्या एका बंगल्यात एक गोरा इंजिनियर आणि त्याची मडम राहत होती. त्यांचं सामान बांधून झालं आणि नेमका मडमचा पोपट मेला. मडम तो हातरुमालात बांधून, टांग्यात बसून मामांच्या दारात आली. मामांनी पोपट भरला. ती न्यायला आली तेव्हा रीतीप्रमाणं तिच्या समोर दुसरा डोळा बसवला. पोपटानं तिच्याकडे असं बघितलं म्हणता, की ती उंबऱ्यावरच बसून रडली. रडून झाल्यावर टांग्यातून एक कुंडी काढून तिनं मामांच्या हातात दिली.

कुंडीत एक विचित्र झाड होतं. खोड नाही, फांदी नाही. जाड, चकचकीत, कडेला बारीक काटे असलेली हिरवी पानं चारी बाजूंनी पसरलेली आणि मधे ती एकमेकांत अशी घट्ट बसलेली की आपोआप वाटी झालेली. वाटीत पाणी. मडमच्या बटलरनं तिचं बोलणं मराठीत सांगितलं आणि मामांनी ते शेवटपर्यंत आरतीसारखं पाठ ठेवलं : हे अननसाच्या भावकीतलं, सातासमुद्रापलीकडचं. ह्याला माती नको, खत नको, दगड चालतो. पाणी मुळाला घालायचं नाही, वाटीत घालायचं. पाणी नितळ पाहिजे. थंडीत पाणी नासलं की काळीज नासतं. बारा महिने असंच हिरवं राहतं. वर्षानुवर्षं काही करत नाही. मग आयुष्यात एकदा काळीज लाल होतं आणि लालात निळं फूल येतं. फूल आलं की हे मरतं, पण मरता मरता बाजूला पिल्लं देऊन जातं.

"मडमकडं कदी फुललं न्हाय," मामा सांगायचे. "माज्याकडं फुलंल."

मामांनी ते आधी घरात ठेवलं. आठवड्याभरात पानांची टोकं तपकिरी पडायला लागली. मामांनी अंगठा दाबला, घराचा वास घेतला आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्या घरात भिंतींनासुद्धा सोमल चढला होता. पाल त्या घरात आली तर उलटी फिरायची. "आत ठेवलं तर सोमलानं मरतंय, भाईर ठेवलं तर गारठ्यानं," मामा म्हणाले. "गारठ्याचं बघता येतंय."

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरला कसला आलाय गारठा? पौषात रंकाळ्यावरून जो वारा सुटतो त्याची तुम्हाला कल्पना नाही. मामांच्या पलीकडं आक्का राहायची. दोन म्हशींची मालकीण, विधवा, आवाज असा की तिनं गोठ्यात म्हशीला हाक मारली तर पेठ वडगावच्या म्हशी मान वर करायच्या. तिच्या चरवीत पडणारी धार त्या थंडीत वाटेतच विरजायची आणि खाली दही पडायचं. बरं, निम्मंच विरजायचं. पण विरजायचं.

मामांनी अंगणात, खिडकीच्या बरोबर समोरच्या कट्ट्यावर, जांभ्याचा एक मोठा दगड आणला. कुंडी फोडली. झाडाच्या मुळाशी काथ्या गुंडाळला आणि जनावराचा पाय बसवावा तशा तारेनं ते दगडावर बसवलं, थोडं घराकडं कलतं. संध्याकाळी काटक्यांचा सांगाडा उभा करून त्यावर हरणाचं जुनं कातडं टाकायचे. सकाळी ऊन आलं की कातडं काढायचे, पपईच्या पोकळ देठाची नळी वाटीत घालून तोंडानं ओढून रात्रीचं गार पाणी काढून टाकायचे आणि ताजं घालायचे.

अडचण एकच होती. वाटी खोल, पाणी काळसर दिसायचं, त्यामुळे ते नितळ आहे की नासलं ते वरून कळायचं नाही. तेव्हा मामांनी फडताळ उघडलं, कापूस सोडला आणि बिबट्याचा दुसरा डोळा वाटीत टाकला. पाणी नितळ असलं की डोळा तळातून लखलख करायचा. एखादा किडा पडून पाणी नासलं की डोळा धुरकट व्हायचा. "डोळ्यात सारा आला, पडदा चडला," म्हणत मामा नळी घेऊन धावायचे.

युक्ती फार नामी होती. पण त्या गल्लीत राहणाऱ्यांचं काय?

संध्याकाळी दिवेलागणीला मी छापखान्यातून परत यायचो. माझ्या खोलीची वाट मामांच्या अंगणातूनच होती. खिडकीत बिबट्या एका डोळ्यानं अंगणाकडं बघतोय. कट्ट्यावर ते झाड दुसऱ्या डोळ्यानं घराकडं बघतंय. मधून जाणाऱ्यानं कुठं बघावं? एक दिवस माझ्या डोक्यात विचार आला की हे दोन्ही डोळे एकाच जनावराचे आहेत, आणि जनावराच्या दोन डोळ्यांच्या मधे, थोडं खाली, काय असतं? तोंड असतं. मी रोज तिथूनच चालत होतो. त्या दिवसापासून मी मागच्या गटारावरून उडी मारून घरी जायला लागलो. दोनदा गटारात पडलो. ते परवडलं.

आणि हरणाचं कातडं टाकलेलं ते धूड! एखादं जनावर कट्ट्यावर दबा धरून बसल्यासारखं दिसायचं. वाऱ्यानं कातडं फुगायचं आणि बसायचं, श्वास घेतल्यासारखं.

"अवो मामा," आक्का कुंपणावरून ओरडायची, "ते तुमचं भूत झाका की! माज्या म्हशी बुजाय लागल्यात, पान्हा चोरत्यात!"

"झाकलंय म्हणूनच बुजत्यात आक्का. उगडं बघितलं तर बुजायच्या न्हाईत."

"खरं सांगा, त्येच्यात पेंढाच भरलाय न्हवं? दोन सालं झाली, एक पान वाढंना की एक पान गळंना. आसलं झाड आस्तंय व्हय?"

मामा झाडाच्या पानावर अंगठा दाबायचे. पान वाकायचं आणि सावकाश वर यायचं. "मेलं न्हाय," मामा म्हणायचे. "गप बसलंय."

आक्काचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ते झाड खरोखर भरलेल्या जनावरासारखं होतं. उन्हाळा आला, पाऊस आला, पाऊस गेला, ते तसंच. बाकीची झाडं सुकतात, फुटतात, आपण जिवंत आहोत हे आपल्याला कळवत असतात. हे काहीच कळवत नव्हतं. नुसतं बघत होतं.

एकदा मी मामांना विचारलं, एवढा जीव का टाकता ह्याच्यावर? मामा मला अखेरपर्यंत पावणं म्हणायचे. गल्लीत मी दहा वर्षं राहिलो असतो तरी पावणंच राहिलो असतो.

"पावणं," ते म्हणाले, "माज्याकडं जे आलं त्ये मेल्यावरच आलं. वाघ मेल्यावर आला. पोपट मेल्यावर आला. जित्तेपणी त्ये कसं बघत हुतं, कशी मान वळवत हुतं, म्यां कदी बघितलंच न्हाय. सगळं अंदाजानं केलं. लोक म्हनायचे, काय हुबेहूब! मला कुटं ठावं हुबेहूब का काय त्ये? एक डाव, एकच डाव, माज्या म्होरं कायतरी जित्तं हुताना बघायचं हाय. मग काय बी हुदे."

मी नेहमीप्रमाणं काहीतरी गंमत करणार होतो. ती सोडून मी विहिरीचं ताजं पाणी आणून त्यांच्याजवळ ठेवलं. ह्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात, मार्गशीर्ष लागला आणि झाडाचं काळीज लाल झालं.

रात्रीतून नव्हे, वाटीभोवतीची आतली पानं आधी तांबूस, मग कुंकवाच्या रंगाची आणि शेवटी अशी लाल झाली की आत कोणीतरी निखारा ठेवल्यासारखं वाटावं. बाहेरची पानं हिरवीगार, आतली लालभडक, मधे पाणी आणि पाण्याच्या तळाशी डोळा. मामा दिवसभर त्याच्यासमोर स्टुलावर बसायचे. खोकला लागला होता, घोंगडी पांघरून बसायचे, पण हटायचे नाहीत.

आणि गल्लीचं मन फिरलं. कालपर्यंत भूत होतं ते आज देवी झालं. आता विचार करा, मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका घरोघरी घट मांडतात : तांब्यात पाणी, तांब्याच्या तोंडाशी चारी बाजूंनी पानं, कुंकवाची बोटं. आणि इथं दगडावर आपोआप घट बसलेला! पाणी आहे, पानं आहेत, कुंकू तर आतूनच फुटलंय, आणि वर देवी डोळा उघडून बघतेय. कोल्हापूरच्या बाईनं आणखी काय समजावं?

गुरुवारी सकाळी मामा औषध आणायला गेले होते. परत आले तेव्हा कट्ट्याला बायकांचा वेढा पडला होता. आक्का सगळ्यांच्या पुढं. वाटीत सुपारी पडली होती, भोकाचा पैसा पडला होता, हळद पडली होती. आणि आक्कानं सगळ्यांवर ताण केली होती. देवी एवढ्या गारठ्यात उघड्यावर बसलीय, तिला ऊब नको का, म्हणून म्हैस पार कट्ट्यापर्यंत आणून तिनं धारोष्ण दूध थेट वाटीत काढलं होतं.

मामांनी वाटीत पाहिलं. डोळा दिसत नव्हता.

मामा ओरडतील असं मला वाटलं. मामा ओरडले नाहीत. औषधाची बाटली त्यांनी जमिनीवर ठेवली, पपईचं देठ उचललं, गुडघ्यावर बसले आणि वाटीत तोंड घातल्यासारखे ओणवे होऊन ओढायला लागले. दूध फार दाट. तोंडात येईल ते थुंकायला वेळ कुठला? सरळ गिळत होते.

"अगं बया!" एक जण किंचाळली. "देवीचं तीर्थ प्यालाय की बाबा सगळं!"

"मामा! सरा बाजूला! पाप लागंल!" आक्का गरजली.

मामांनी तोंडातली नळी काढली. मिशांना दूध, हनुवटीला हळद. "आक्का," ते म्हणाले, "दूध नासलं की तू चरवी घासून घेतीस. ह्ये नासलं की हिचं काळीज नासंल. मग फूल न्हाय. मग काय बी न्हाय."

आणि पुन्हा वाकले. दूध संपलं, सुपारी आणि पैसा चिमट्यानं काढला, तारेला कापूस गुंडाळून एकेक पान आतून पुसलं. ज्या हातांनी वाघाच्या जबड्यात जीभ बसवली होती ते हात लाल पानांतून हळदीचा एकेक कण टिपत होते. पण विहिरीचं पाणी घातलं की वर पांढरा तवंग यायचा. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा तवंग. डोळा धुरकटच. दुसऱ्या दिवशी लालीच्या कडेला एक काळा ठिपका दिसला आणि वास यायला लागला.

दोन दिवस आक्काच्या घरातून आवाज आला नाही. आक्काचा आवाज नाही म्हणजे गल्लीत कसं वाटतं ते सांगतो : पंचगंगा वाहायची थांबल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपण ओलांडून आली. हातात एक हिरवी बाटली, तोंडाला बूच आणि बुचावर चिंधी.

मी त्या बाटलीला ओळखत होतो. सगळी गल्ली ओळखत होती. मघा नक्षत्राच्या पावसाचं पाणी. उघड्या आभाळाखाली परात ठेवून, जमिनीला न लागू देता धरलेलं. ते वर्षभर नासत नाही म्हणतात. आक्काच्या डोळ्यांत पडदा वाढत होता आणि ती रोज त्यातले दोन थेंब डोळ्यांत घालायची. त्या बाटलीवर तिनं कोणाला सावलीसुद्धा पडू दिली नव्हती. पुढची मघा यायला आठ-नऊ महिने होते.

"सरा," ती मामांना म्हणाली.

"आक्का, तुजं डोळं?"

"माजं डोळं म्हशी बघायपुरतं हाईत आजून. सरा म्हणत्ये न्हवं?"

मामांनी वाटी शेवटची रिकामी केली. आक्कानं बाटली उपडी केली. सगळी. शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलला नाही. आणि पाण्याच्या तळाशी डोळा हळूच एकदा डुलला, वळला आणि आमच्याकडं बघून लखलखला. मी एक पाऊल मागं सरलो. आक्का सरली नाही.

पौषात एका सकाळी, धुकं अजून अंगणात होतं तेव्हा, मामांनी आम्हा दोघांना हाक मारली. हाक अशी होती की मला वाटलं कोणीतरी गेलं.

लाल काळजाच्या मधे, पाण्याच्या अगदी वर, निळं फूल उमललं होतं. एवढंसं. नखाएवढं. पण निळं कसं? आभाळाचं नव्हे, मोराचं नव्हे. मी आयुष्यभर थापा मारत आलो, मला उपमा कमी पडत नाहीत, तिथं पडली. लाल बुबुळ आणि त्यात निळी बाहुली. ते झाड पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यानं बघत होतं.

मामांचा अंगठा सवयीनं पुढं गेला. पानाच्या जवळ गेला आणि थांबला. त्यांनी हात मागं घेतला.

"हिला दाबाय नको," ते म्हणाले. "दिसतंय की."

मग त्यांनी लांब चिमटा घेतला, फुलाला धक्का न लावता पाण्यात घातला आणि काचेचा डोळा बाहेर काढला. धोतराच्या सोग्याला पुसला. "आता हिला हिचा डोळा आलाय. ह्येचं काम ऱ्हायलंय तेवढं करून टाकतो."

ते आत गेले. मी मागोमाग. बिबट्याच्या रिकाम्या खोबणीत त्यांनी लांबी भरली तेव्हा मला उलगडलं.

"मामा, मालक कुठं आहे?"

"आता कुटला मालक येतोय पावणं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, पहिलं ज्याला बघतंय—"

"किती सालं वाट बघितली बिचाऱ्यानं, एका डोळ्यानं," मामा म्हणाले. "कुनीतरी पयलं दिसाय पायजेच की त्येला. माजं बघून झालंय. आता त्येला बघूदे." त्यांनी अंगठ्यानं डोळा दाबून बसवला, खिडकीकडं पाठ करून बिबट्याच्या समोर उभे राहिले आणि ओळखीच्या माणसाला करावा तसा हात वर केला. "बग बाबा."

मी त्या वेळी बिबट्याकडं बघितलं नाही. मी मामांच्या तोंडाकडं बघत होतो. म्हणून बिबट्यानं काय केलं ते मला सांगता येणार नाही, आणि तिथं मी काही रचणारही नाही.

निळी फुलं एकामागून एक येत राहिली, मग थांबली. लाली उतरली. दगडावर मूळ झाडाच्या कुशीत दोन हिरवी पिल्लं फुटली. फाल्गुनात एका सकाळी आक्का मामांना दूध द्यायला गेली आणि तिची हाक आली. तिच्या मानानं फार बारीक हाक.

बिबट्याला खिडकीपासून आत वळवून मामा त्याच्या समोर खुर्चीत बसले होते. घोंगडी नीट पांघरलेली. बिबट्या दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होता. आक्कानं लोटी खाली ठेवली, त्यांच्या मनगटावर आपला अंगठा दाबला आणि वाकून बघत राहिली.

"आक्का," मी म्हणालो.

"थांब की," ती म्हणाली. "वर येतंय का बघतीया."

मी थांबलो. ऊन खिडकीतून बिबट्याच्या पाठीवर आलं, तरी तिचा अंगठा निघाला नव्हता.

मामांचा भाचा पेठ वडगावहून आला, दिवस झाले, घराला कुलूप लागलं. सोमलाच्या भीतीनं आतल्या वस्तूंना त्यानं हात लावला नाही. किल्ली तो घेऊन गेला. अंगण उघडं राहिलं. मूळ झाड तपकिरी होऊन बसलं आणि पिल्लांना पाणी घालायचं काम न सांगता आक्काकडं आलं. मघेला तिनं दोन बाटल्या धरल्या, एक डोळ्यांना आणि एक दगडाला. थंडीत कातडं टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी त्या अंगणातून सरळ जायला लागलो होतो. बिबट्या आता दोन डोळ्यांनी आत, खुर्चीकडं बघत असणार असं मनाशी धरलं होतं. खिडकीकडं मात्र मी कधी मान वळवली नाही.

मार्गशीर्ष आला. पहिल्या गुरुवारी, धुकं असतानाच, आक्कानं मला हाक मारली. मी कातडं काढायला जाणारच होतो. ते आधीच निघालं होतं. घडी करून कट्ट्यावर ठेवलं होतं. मामा घालायचे तशी घडी, केस आत.

"तू काढलंस?" आक्कानं विचारलं.

"मला वाटलं तू."

मोठ्या पिल्लाच्या वाटीत पाणी होतं. पाण्याच्या तळाशी पिवळा डोळा होता.

मी खिडकीशी गेलो. कुलूप जसंच्या तसं. गजांतून आत बघितलं. जमिनीवर वर्षाची धूळ, तिच्यावर उंदराच्या पावलाचीसुद्धा खूण नाही. बिबट्या पुन्हा अंगणाकडं तोंड करून उभा. एका डोळ्यानं.

आता तुम्ही हसाल. ज्या माणसानं कुत्रं गडमुडशिंगीला पळवलं त्याचं कोण ऐकणार? आक्का अजून म्हणते, तूच काहीतरी केलंस. मी म्हणतो, तिनं केलं. दोघांनीही अंबाबाईची शपथ घेतली आहे, आणि अंबाबाईची खोटी शपथ कोल्हापुरात मीसुद्धा घेत नाही.

पण त्या सकाळी आम्ही भांडलो नाही. आक्कानं बाटलीचं बूच काढलं आणि वाटीत मघाचं पाणी सावकाश सोडलं. डोळा डुलला, वळला, थांबला. लखलखीत दिसत होता.

"नितळ हाय," आक्का म्हणाली. मग तिनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"मधी हुबा ऱ्हाऊ नगंस," ती हळूच म्हणाली. "बघूदे मामास्नी."